मशीन काय पळून जात नाही

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली थोडी पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

कोल्हापुरातून बोलतोय. आजचा विषय पैशाचा आहे. पण घाबरू नका, शेअर बाजार नाही, म्युच्युअल फंड नाही, 'करोडपती कसं व्हायचं' तर अजिबातच नाही. आजचा विषय आहे कमी खर्चात, जरा साधं राहण्याचा. आणि याची सुरुवात एका चपलेपासून होते.

२०२५ चा जून आठवतोय? इटलीतल्या मिलानमध्ये प्राडा कंपनीचा फॅशन शो झाला आणि त्यातल्या मॉडेलांच्या पायात चक्क आपली कोल्हापुरी दिसली. कंपनीनं सुरुवातीला कोल्हापूरचं नावच घेतलं नव्हतं. मग काय, आपल्याकडं रान पेटलं. या चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी आहे. कंपनीनं नंतर मान्य केलं की प्रेरणा इथूनच घेतली होती. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला आणि इथं २,००० जोड बनवून ते साधारण ८०० युरोला एक या दरानं विकायचं ठरलं.

पण मी जूनबद्दल बोलतोय. त्या दिवशी मीही स्टोरी टाकली. 'जगात भारी, कोल्हापुरी! आमची चप्पल चोरली!' वगैरे. भरपूर लाइक्स आले. आणि एका मित्रानं खाली एवढंच लिहिलं, "भावा, तुझ्याकडं एक तरी आहे का?"

मी उठून चपलांचं कपाट उघडलं. सात जोड निघाले. दोन स्नीकर्स. एक जिमचे बूट, जिम दोन महिन्यांत सुटली, बूट तसेच. एक ऑफिसचे. एक मोठ्या ब्रँडची 'फर्स्ट कॉपी'. एक पावसाळी आणि एक घरातली स्लीपर. कोल्हापुरी एकही नाही. आणि त्यातल्या एका स्नीकर्सचे तर अजून हप्ते चालू होते. बुटांचे हप्ते! महिन्याला साडेसहाशे.

त्या वेळी मी हसलो आणि कपाट लावून टाकलं. खरी गोष्ट त्यानंतर दोन आठवड्यांनी घडली.

माझ्या धाकट्या बहिणीला डिप्लोमाला प्रवेश मिळाला. पहिली फी १८,००० रुपये, दोन दिवसांत भरायची. पप्पांचे पैसे एका ठिकाणी अडकले होते, ते पंधरा दिवसांनी येणार होते. माझे पप्पा कधी कुणाकडं पैसे मागत नाहीत. माझ्याकडं तर कधीच मागितले नव्हते. त्या रात्री जेवताना ताटाकडं बघतच म्हणाले, "तुझ्याकडं होतील का रे अठरा? महिनाभरात देतो."

माझ्या खात्यात होते २,१०० रुपये. महिन्याची बारा तारीख.

पगार माझा २४,००० रुपये. फार मोठा नाही, पण मी घरीच राहतो, भाडं द्यावं लागत नाही, कोल्हापुरात या पगारात नीट भागतं. मग पैसे गेले कुठं? त्या रात्री पहिल्यांदा कागदावर लिहून काढलं. बाईकचा हप्ता ३,८००. फोनचा ३,३००. स्मार्ट घड्याळाचा ७५०. बुटांचा ६५०. आणि 'नंतर पैसे द्या' वाल्या ॲपचे सरासरी १,५००. एकूण १०,०००. पगार खात्यात यायच्या आधीच त्यातले दहा हजार दुसऱ्याचे झालेले असायचे. बाईक गरजेची, ऑफिस लांब आहे, ते मान्य. बाकीचं काय? 'नंतर द्या' मध्ये सगळ्यात जास्त काय होतं सांगू? घरपोच मिसळ. कोल्हापुरात राहून, गल्लीच्या तोंडाला मिसळीचं हॉटेल असताना, मी मिसळ घरी मागवत होतो. उधारीवर.

मी पप्पांना "नाहीत" म्हणालो. ते "बरं" म्हणाले आणि जेवत राहिले. बास. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पैसे उभे केले आईनं. आमच्या गल्लीत बायकांची भिशी आहे. बारा जणी, महिन्याला प्रत्येकी १,५००. म्हणजे दर महिन्याला एकीला अठरा हजार मिळतात. त्या महिन्याची पाळी कोपऱ्यावरच्या काकूंची होती. त्या वॉशिंग मशीन घेणार होत्या. दोन वर्षं बोलत होत्या मशीनबद्दल, त्यांचे गुडघे दुखतात, वाकून कपडे धुवायला होत नाही. आई सकाळी त्यांच्याकडं गेली, मीही बरोबर होतो. आईनं अर्धंच सांगितलं असेल, तोवर काकू म्हणाल्या, "वैनी, तुम्ही उचला आधी. मशीन काय पळून जात नाही. पोरीचं ॲडमिशन जाईल."

आईची पाळी होती ऑक्टोबरमध्ये, ती काकूंनी घेतली. म्हणजे तीन महिने आणखी हातानं कपडे धुवायचे. आणि हे त्यांनी अर्ध्या मिनिटात ठरवलं.

मंडळी, आजच्या भागात मला सांगायचंय ते या एका वाक्यात आहे. काय पळून जातं आणि काय पळून जात नाही. काकूंना ते कळत होतं. मला कळत नव्हतं. आणि मला कळू नये यासाठी माझ्या हातातल्या फोनवर भरपूर मेहनत घेतली जात होती.

बघा, खरेदीचं कुठलंही ॲप उघडा. काय दिसतं? 'फक्त २ शिल्लक.' 'ऑफर संपायला १४ मिनिटं.' 'आत्ता ४३ लोक ही वस्तू बघतायत.' सगळ्याचा अर्थ एकच, हे पळून चाललंय, धर! आणि पुढच्या महिन्यात परत तीच ऑफर, फक्त नाव वेगळं. दसरा झाला की दिवाळी, दिवाळी झाली की वर्षअखेर, मग प्रजासत्ताक दिन.

हे काही मी मनानं बोलत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला याविषयी नियमावलीच काढली. ग्राहकाला फसवून खरेदी करायला लावणाऱ्या १३ युक्त्या त्यात नावानिशी दिल्यात. पहिलीच आहे खोटी घाई निर्माण करणं. मग तुमच्या टोपलीत गुपचूप एखादी वस्तू किंवा देणगी टाकून ठेवणं. मग तुम्हाला लाजवणं, म्हणजे 'नको' च्या बटणावर लिहायचं 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत'. मग सबस्क्रिप्शनचा सापळा, आत जायला एक बटण आणि बाहेर पडायला दहा पानं. हे नियमात बसत नाही, हे माहीत असू द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तक्रार करता येते.

दुसरी गोष्ट 'नो कॉस्ट ईएमआय'. हे नीट समजून घ्या, कारण माझा फोन असाच आलाय. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याजाच्या योजना चालवू नका. मग 'नो कॉस्ट' कसं चालतं? बँक व्याज लावतेच. तेवढ्या रकमेची सूट विक्रेता तुम्हाला आधी देतो, म्हणून बेरीज सारखी दिसते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तुमच्या खिशातून. समजा ४०,००० च्या फोनवर वर्षाचं व्याज तीन हजार धरलं, तर ५४० रुपये जीएसटी झाला. वर बऱ्याचदा प्रोसेसिंग फी. आणि रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती तुम्हाला बहुतेक वेळा मिळत नाहीच. रक्कम लहान आहे, मान्य. पण नाव 'नो कॉस्ट' आहे ना?

क्रेडिट कार्डाचं तर विचारू नका. बिलावर 'किमान रक्कम' लिहिलेली असते, बहुतेक वेळा बिलाच्या पाच टक्क्यांच्या आसपास. आपल्याला वाटतं तेवढी भरली की झालं. तसं नसतं. उरलेल्यावर अनेक कार्डं महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात. वर्षाचे झाले बेचाळीस टक्के. आणि बाकी शिल्लक असताना नवीन खरेदी केली तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज, ते बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत. खेडेगावातल्या सावकाराच्या गोष्टी आपण ऐकतो आणि हळहळतो. इथं सावकार खिशात घेऊन फिरतोय.

तिसरी गोष्ट जरा वेगळी. २०१६ साली यूपीआय आलं. फार सोयीचं आहे, भाजीवाल्या मावशींपासून सगळे वापरतात, मीही वापरतो. पण पूर्वी पाचशेची नोट मोडताना हात जरा अडखळायचा. आता मोडायला नोटच नाही. 'टुंग' असा आवाज येतो आणि संपलं. हवं वाटणं आणि घेणं, या दोन्हीच्या मध्ये पूर्वी काहीतरी असायचं. दुकानापर्यंत चालत जाणं असायचं, आठवडा बाजाराची वाट बघणं असायचं, घरात विचारणं असायचं. ते सगळं गेलं. मला वाटतं आपल्या खर्चाचं मूळ दुखणं हे आहे. आपण काही आपल्या आई-वडिलांपेक्षा हावरट नाही. आपल्याला फक्त मध्ये थांबायला जागाच उरली नाही.

ही थांबायची जागा मला परत सापडली ती शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनमध्ये.

जुलैच्या शेवटी गेलो. मनात त्या मित्राचं वाक्य होतंच, आणि म्हटलं एक चांगला जोड घेऊ आणि ते सातातले चार तरी काढून टाकू. अर्थात रोखीनं, पगार झाल्यावर. एका दुकानात मला पाहिजे तसली कापशी माझ्या मापात नव्हती. दुकानातले काका म्हणाले, "करून देतो. पंधरा दिवसांनी या."

मी विचारलं, "काका, पंधरा दिवस? लवकर नाही का होणार?"

"लवकर पायजे असली तर प्लॅस्टिकची घ्या," ते म्हणाले. "कातडं हाय, त्याला त्याचा वेळ लागतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्याला बरेच दिवस जातात. तळाचे थर कापायचे, ठोकायचे, चामड्याच्याच वादीनं शिवायचे. खिळा नाही. म्हणून टाच झिजली तर टाकायची नाही, आणून द्यायची, नवा थर शिवून मिळतो. अंगठा तुटला, अंगठा नवा. पट्टा सैल झाला, पट्टा नवा. "तेल लावत जावा अधूनमधून. आणि भिजवू नका," काका म्हणाले.

पंधरा दिवसांनी आणायला गेलो, ऑगस्टचा पाऊस धो धो चालू. काकांनी जोड कागदात गुंडाळून दिला आणि म्हणाले, "आता घालू नका. पाऊस संपू दे. दसऱ्याला काढा."

म्हणजे बघा, पंधरा दिवस थांबून पैसे दिले आणि परत दीड महिना थांबायचं! मला हसू आलं. पण खरं सांगू का, एखाद्या वस्तूची अशी वाट मी लहानपणी दिवाळीच्या कपड्यांची बघायचो, त्यानंतर कधीच बघितली नव्हती. बाकी सगळं दुसऱ्या दिवशी दारात यायचं, खोका फोडेपर्यंतचा आनंद, आणि मग खोका माळ्यावर. दसऱ्याला ती चप्पल घालून आम्ही घरचे सगळे दसरा चौकात सोनं लुटायला गेलो. पहिले दोन दिवस चावली, सांगून ठेवतो. मग पायाची झाली.

किंमत दीड हजाराच्या आत. त्या फर्स्ट कॉपीला मी अठराशे दिले होते, तिचा तळ सहा महिन्यांत सुटला आणि चिकटवून देणारा कुणी म्हणाला, "हे टिकत नाही हो, टाकून द्या." मग स्वस्त कोणती आणि महाग कोणती? वस्तूची किंमत बघताना आता मी दोन प्रश्न विचारतो. ही किती दिवस वापरणार? आणि बिघडली तर माझ्या गावात कोण दुरुस्त करणार?

काही जण म्हणतील, सगळ्यांनीच खरेदी कमी केली तर कारागिराचं पोट कसं भरणार? बरोबर प्रश्न आहे. पण मी अठराशे ज्या फर्स्ट कॉपीला दिले, त्यातला एक रुपया चप्पल लाईनमध्ये गेला नव्हता. चार टाकाऊ जोडांऐवजी एक चांगला घेतला तर माझे पैसे वाचतात आणि शिवणाऱ्याच्या हातातही पडतात. वर दुरुस्तीचे पैसे त्यालाच. प्राडावर स्टोरी टाकण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत झालंय.

आता मी काय काय बदललं ते सांगतो. यात काही मोठं शहाणपण नाही, तुम्हाला जमेल ते घ्या.

पहिलं, एक वही केली. फोनमध्ये नाही, कागदाची. काहीही हवंसं वाटलं की तारीख टाकून लिहायचं, किमतीसकट. आणि पंधरा दिवस थांबायचं. चप्पलवाल्या काकांचे पंधरा दिवस! ऑगस्टपासून तेवीस वस्तू लिहिल्यात. पंधरा दिवसांनंतर खरंच घेतल्या सहा. बाकीच्या सतरांमध्ये काय काय होतं? खोलीला लावायची एलईडी पट्टी, एअर फ्रायर, अजून एक हेडफोन. वाचताना आता मलाच कळत नाही हे कशाला हवं होतं. आणि त्यातली एकही पळून गेलेली नाही. सगळ्या अजून तिथंच आहेत, 'फक्त २ शिल्लक' म्हणत.

दुसरं, किंमत दिवसांत मोजायची. माझा पगार २४,०००, कामाचे दिवस सव्वीस. म्हणजे दिवसाला साधारण ९२० रुपये. घड्याळ ९,००० चं, म्हणजे जवळपास दहा दिवस मी त्या घड्याळासाठी ऑफिसला गेलो. दहा दिवस ट्रॅफिक, दहा दिवस साहेबांची बोलणी, मनगटावर पावलं मोजायला. तुमचा आकडा काढून बघा. डोकं जाग्यावर येतं.

तिसरं, खरेदीच्या ॲपांच्या सूचना बंद केल्या आणि साठवलेलं कार्ड काढून टाकलं. आता प्रत्येक वेळी सोळा आकडे टाकावे लागतात. मुद्दाम त्रासाचं केलंय.

चौथं, विकत घ्यायच्या आधी उसनं किंवा भाड्यानं मिळतं का बघायचं. पुस्तकांचंच घ्या. माझ्याकडं न वाचलेली चौदा पुस्तकं होती, सेलमध्ये घेतलेली. आणि आपल्या गावात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासून! एक पुस्तक शंभर जणांनी वाचायचं, ही कल्पना आपल्याकडं पावणेदोनशे वर्षं चालू आहे आणि आपण 'शेअरिंग' हा शब्द ॲपवाल्यांकडून शिकतोय.

पाचवं, पगार झाला की हप्त्यांच्या आधी थोडे पैसे दुसऱ्या खात्यात. त्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही. सुरुवात पाचशेनं केली. बुटांचे आणि घड्याळाचे हप्ते संपले, 'नंतर द्या' वालं ॲप सगळं फेडून काढून टाकलं. फोनचे अजून तीन राहिलेत. त्या खात्यात आज साडेअकरा हजार आहेत. अठरा झालेले नाहीत. पण पप्पांनी परत विचारलं तर आता "नाहीत" म्हणावं लागणार नाही. "अकरा आहेत, बाकीचं बघू" म्हणता येईल.

मात्र यात एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. नवीन नवीन वही हातात होती तेव्हा मी लई कंजूष झालो होतो. मित्रांनी तांबडा-पांढऱ्याचा बेत केला, माणशी अडीचशे. मी म्हटलं बजेटमध्ये बसत नाही. घरात आईनं गणपतीला जरा जास्त खोबरं आणलं तर मी हिशेब मागितला. शेवटी तोच मित्र, स्टोरीखाली लिहिणारा, म्हणाला, "भावा, तू पैसे वाचवतोयस का आमच्यापासून वाचतोयस?"

लागलं मला. कारण त्या काकू आठवल्या. काकू कंजूष असत्या तर आपली पाळी दिली असती का? त्या काटकसरी आहेत, रुपयाचा हिशेब ठेवतात, पण वेळ आली तेव्हा अठरा हजार सोडून दिले. मित्र एकत्र बसण्याची संध्याकाळ, आईचा गणपती, बहिणीची फी, पप्पांनी आयुष्यात एकदा विचारलेला प्रश्न, या गोष्टी खरंच पळून जातात. त्यांच्यासाठीच तर वाचवायचं.

इथं मला गाडगेबाबा आठवतात. १८७६ ते १९५६ असा त्यांचा काळ. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात खराटा आणि खापर. कीर्तनातून गावोगाव सांगायचे की कर्ज काढून सण-लग्न करू नका, घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरांना शिकवा. हे आपण शाळेत पाठ केलं. पण एक गोष्ट आपण विसरतो. हा माणूस पैशाच्या विरोधात नव्हता. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. स्वतःवर काही नाही, लोकांसाठी भरपूर. म्हणजे 'खर्च करू नका' एवढंच ते सांगत नव्हते. खर्च कशावर करायचा, हे आधी ठरवा म्हणत होते.

आणि आणखी एक सावधगिरी. साधेपणासुद्धा आता विकायला आलाय. इन्स्टावर बघा, पांढऱ्या भिंती, एकच रोपटं, बांबूचा टूथब्रश, 'मिनिमल' पाकीट दोन हजारांचं. घरातलं चांगलं पाकीट टाकून हे घेतलं तर तुम्ही साधे झालात की अजून एक पाकीट घेतलंत? साधं राहण्यासाठी काही विकत घ्यावं लागत असेल तर तिथं जरा थांबा. आणि ज्यांच्या घरात मुळातच कमी आहे त्यांना 'कमीत सुख असतं' हे सांगायला जाऊ नका. त्या काकूंना मशीन हवंच होतं. गुडघे दुखत असताना मशीन घेणं ही चैन नाही, गरज आहे. मी तेव्हापासून दुसऱ्याच्या खर्चाला नावं ठेवणं बंद केलंय. माझ्या वहीत माझीच यादी पुरेशी मोठी आहे.

बरं, काकूंच्या मशीनचं काय झालं? दसऱ्यानंतर आठवड्यात आलं. टेम्पोवाला खाली ठेवून गेला आणि काकूंचं घर दुसऱ्या मजल्यावर. मला हाक आली. मी आणि त्यांच्या मुलानं मिळून वर नेलं, जिन्याच्या वळणावर चांगलंच अडकलं होतं. वर गेल्यावर काकूंनी चहा दिला, मशीनला हळदीकुंकू लावलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ताईचं कॉलेज कसं चाललंय?" मशीनचं एक शब्द नाही.

तर मंडळी, या आठवड्यासाठी एक छोटं काम. आत्ता तुमच्या फोनमध्ये कुठल्या तरी ॲपच्या टोपलीत काहीतरी पडलेलं असणार, मला माहिती आहे. ते काढू नका, घेऊही नका. कागदावर लिहा, तारीख टाका, पंधरा दिवस जाऊ द्या. आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहा की या वर्षात तुमच्या घरातली कुठली गोष्ट खरंच पळून जाऊ शकते. कुणाची फी, कुणाचा दवाखाना, आजीला एकदा पंढरपूरला नेणं, काहीही. मग दोन्ही बाजू वाचून ठरवा.

काय लिहिलंत ते मला कळवा. वाटलं तर नाव सांगू नका, नुसती यादी पाठवा. पुढच्या भागात लग्नाच्या खर्चावर बोलायचंय, मित्राचं लग्न ठरलंय आणि प्री-वेडिंग शूटवरून त्याच्या घरात वादळ आलंय. तोवर चपलेला तेल लावा, हप्ते वेळेवर भरा आणि एकमेकांना सांभाळा. भेटू!